झिजलेले अमेरिकन तांब्याचे सेंट: अकरा नाण्यांच्या ग्रेडिंगच्या नोंदी

९ मार्च २०२४

शेवटी लॉट घेतला. पेनसिल्व्हेनियात आमच्या घरापासून पाऊण तासावर एका जुन्या फार्महाउसमधल्या सामानाचा लिलाव होता, त्यात सिगारच्या लाकडी डब्यात अकरा तांब्याची नाणी, नऊ मोठे सेंट आणि दोन हाफ सेंट. बोली ५४० डॉलरला थांबली, वर लिलाववाल्यांचा २० टक्के प्रीमियम, म्हणजे ६४८. नाण्यामागे ५९ पडले.

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी एवढंच, की हा मोठा सेंट १७९३ ते १८५७ फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पडायचा, साधारण २९ मिलिमीटर रुंद, आपला १९७० च्या आसपासचा रुपया हातात धरल्यासारखा वाटतो. आत्ताचा चिमुकला सेंट त्याच्या नंतरचा.

माझ्याकडे आलेले: १७९७, १७९ आणि पुढचा आकडा गेलेला एक, १८०१, १८०२, १८०३ चे दोन, १८०७, १८१०, १८१८. हाफ सेंट १८०४ आणि १८०६. रात्री प्राइस गाइड उघडून बसले, सगळी एफ-१२ ग्रेडची ('फाइन', म्हणजे मध्यम झिजेची) धरली आणि बेरीज केली तर २,१४० डॉलर आली. हा आकडा मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढच्या सगळ्या नोंदी तो आकडा कसा खाली आला त्याच्याच आहेत.

१० मार्च

वजनं करायला घेतली, किचनचा काटा चालत नाही, तो सगळ्यांना ११ ग्रॅमच दाखवतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मागवला, १६ डॉलर.

१३ मार्च

काटा आला. १७९३ ला सेंटचं वजन २०८ ग्रेन होतं म्हणजे १३.४८ ग्रॅम, तांबं महाग झालं म्हणून १७९५ च्या शेवटी १६८ ग्रेन केलं, १०.८९ ग्रॅम. माझे सगळे त्यानंतरचे. आठ सेंट १०.२ ते १०.८ च्या मधे भरले. एक १८०३ फक्त ९.६२, तो जमिनीत पडून खाल्ला गेलेला आहे, पृष्ठभाग बाजरीच्या भाकरीसारखा खरबरीत. हाफ सेंट ५.४४ असायला हवेत, ५.३१ आणि ५.२२ आले, झीज बघता ठीक. वजन बरोबर आलं म्हणजे नाणं अस्सल असं नाही, पण चुकीचं आलं असतं तर तिथेच थांबले असते.

वजन करताना एक गोष्ट आठवली. या टांकसाळीला १७९७ च्या सुमारापासून कोऱ्या तांब्याच्या चकत्या बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडून यायच्या, आणि त्याच बोल्टनच्या सोहो टांकसाळीने १७९१ आणि १७९४ ला ईस्ट इंडिया कंपनीसाठी मुंबई इलाख्याचे तांब्याचे पैसे पाडले, एका बाजूला तराजू आणि मधे फारसीत 'अदल'. आमच्या आजोबांच्या डब्यात शिवराईंबरोबर तसा एक पैसा होता, लहानपणी मी तो तराजू बोटाने चाचपत बसायचे. एकाच गावच्या कारखान्यातून एक तांबं मुंबईला गेलं आणि एक फिलाडेल्फियाला, हे कळलं तेव्हा खूप वेळ ती नाणी नुसती हातात धरून बसले होते.

१६ मार्च

आज चूक केली. मोठी.

१८०१ चं नाणं सगळ्यात काळं होतं, मागची बाजू वाचताच येईना. आमच्या घरी तांब्याची भांडी चिंचेनेच घासतात, देवाचं ताम्हन, अभिषेकपात्र, सगळं. तांबं ते तांबं असा विचार केला. चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ, अंगठ्याने तीनचार मिनिटं चोळलं. काळं सुटत गेलं आणि खालून गुलाबी-नारिंगी तांबं वर आलं, सोललेल्या गाजरासारखं. लख्ख झालं म्हणून खूश होऊन फोटो काढला आणि एका जुन्या संग्राहकाला पाठवला, त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं, बाकीच्यांना हात लावू नका.

भांड्यात आणि नाण्यात फरक हा, की भांड्यावरचा काळा थर हा मळ, पण नाण्यावरचा दोनशे वर्षांचा तपकिरी थर हीच त्याची कातडी. आम्ल तो थर विरघळवून टाकतं आणि खालचं उघडं तांबं परत काळं पडलं तरी ते डागाडागाचं पडतं, मूळ रंग कधीच येत नाही. वजन १०.४४ होतं, आता १०.४१. तीन शतांश ग्रॅम चिंचेत गेले.

आईला सांगितलं फोनवर. ती म्हणाली, "अगं, कल्हई उडालेल्या भांड्यातली आमटी कळकते ना, म्हणून आपण घासतो, तुझ्या पैशात काय आमटी शिजवायची होती?" आईचं बरोबर आहे.

२३ मार्च

आता रीतसर काम. हार्डवेअरच्या दुकानातून झायलॉल, नायट्राइलचे हातमोजे, मऊ केसांचा ब्रश, काचेच्या दोन छोट्या बरण्या, सगळं २८ डॉलर. झायलॉल तेल, चिकटा, प्लॅस्टिकचा अंश काढतं पण तांब्याला खात नाही. गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून केलं कारण वास डोक्यात जातो, आणि जवळ हीटर, पायलटची ज्योत असं काही नको, लगेच पेट घेतं.

पाच नाणी जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात होती, त्यांच्यावर हिरवट चिकट साय आली होती. एक रात्र बुडवून ठेवली, सकाळी ब्रशने अलगद फिरवलं तर साय निघाली आणि खालचा तपकिरी रंग जसाच्या तसा. या एका कामाचं समाधान मिळालं. ती पाकिटं त्याच दिवशी फेकली.

३० मार्च

१८०७ च्या गालावर हिरवा ठिपका होता, ज्वारीच्या दाण्याच्या निम्मा. झायलॉलमधे आठवडा ठेवूनही हलला नाही. लाकडी टूथपिक भिजवून टोकाने रेटलं, टक्कन उडाला आणि खाली खोल खड्डा. प्लॅस्टिकचा हिरवा मऊ असतो, टूथपिकला चिकटून येतो, पण खरा जंगाल कडक असतो आणि तो तांब्याच्या आत बसलेला असतो, उपटला की भोक राहतं. आणि भोक नेमकं गालावर, जिथे बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा जाते. दोन-तीन दिवसांत हलला नाही तर तो तसाच राहू द्यायचा होता, मी एक आठवडा वाट बघितली ती निव्वळ पुढे उपटायचीच असं ठरवून.

६ एप्रिल

पहिली ग्रेडिंगची बैठक, १० पट भिंग (३४ डॉलर) आणि व्हेरायटी (एकाच वर्षाच्या नाण्यांचे बारीक फरकांचे प्रकार) ओळखायचं पुस्तक (६० डॉलर, जुनी प्रत). ग्रेडचे आकडे १ ते ७०, ही पद्धत १९४९ ला विल्यम शेल्डनने याच मोठ्या सेंटसाठी काढली आणि आता सगळी अमेरिकन नाणी त्यातच मोजतात.

१७९६ ते १८०७ च्या ड्रेप्ड बस्टसाठी, म्हणजे खांद्यावर कापड घेतलेल्या बाईच्या चित्राच्या नाण्यांसाठी, मी असं धरून चालले: बाई, तारीख आणि 'लिबर्टी' वाचता येते पण केस सपाट, तर जी-४. केसांची खालची टोकं थोडी सुटी दिसतात तर व्हीजी-८. कपाळाजवळ आणि कानामागे केसांच्या रेघा तुटक दिसतात, खांद्यावरच्या कापडाची एखादी चुणी दिसते तर एफ-१२. निम्मे केस दिसले तर व्हीएफ-२०. तारीखसुद्धा जेमतेम, तर एजी-३.

रिंग लाइटखाली बसून अकराही लिहून काढली: १८०७ व्हीएफ-२०, १८०२ एफ-१५, चांगला १८०३ एफ-१२, असं करत करत सगळीच चांगली.

७ एप्रिल

सकाळी तीच नाणी खिडकीपाशी नेली आणि हादरलेच. रिंग लाइट सगळीकडून सारखा उजेड टाकतो, खड्ड्यांना सावलीच पडत नाही, म्हणून खरबरीत पृष्ठभागही गुळगुळीत दिसतो. एकच साधा पिवळा बल्ब डाव्या बाजूला वर ठेवला आणि नाणं हातात हळूहळू फिरवलं, तर १८०२ च्या मोकळ्या जागेत सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे, कडेला दोन पोचे. कालची सगळी पानं खोडली, सहा तास फुकट. लिलावाचे फोटोसुद्धा असल्याच सपाट उजेडात काढलेले होते, ते मी तेव्हा ओळखायला हवं होतं.

१४ एप्रिल

१८०४ च्या हाफ सेंटला मी दोन गुण कापले होते कारण हनुवटीतून पुढे एक काटा आल्यासारखी रेघ आहे. आज भिंगाखाली नीट बघितली तर रेघ आत गेलेली नाही, वर उठलेली आहे. नाण्यावर ओरखडा पडला तर तो आत जातो, वर उठलेली रेघ म्हणजे खोट डायमधेच, नाणं पाडायच्या ठशातच, होती आणि ती पाडतानाच आलेली. पुस्तकात बघितलं तर ही प्रसिद्ध 'स्पाइक्ड चिन', डायला मार बसला आणि त्याच जखमी डायने नाणी पाडत राहिले. मुबलक मिळते, किंमत फार वाढत नाही, पण गुण कापायचं कारणच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक रेघ आधी आत की वर ते बघते. टूथपिक त्या रेघेवर आडवी सरकवायची, अडखळते कुठे ते हाताला कळतं.

१६ ते २० एप्रिल

१७९ आणि पुढे गेलेला आकडा. १७९९ चा सेंट या सगळ्या मालिकेतला सगळ्यात दुर्मिळ वर्षांपैकी एक, त्यामुळे पाच रात्री झोप उडाली. नाणं तिरपं धरून बघितलं तर शेवटच्या आकड्याचा वरचा गोल दिसतो, खालचं काहीच नाही, म्हणजे ८ पण होऊ शकतो आणि ९ पण.

आकड्यावर डोळे फोडून उपयोग नाही हे तिसऱ्या रात्री कळलं. त्या काळी प्रत्येक डायवर तारखेचे आकडे, 'लिबर्टी'ची अक्षरं, मागची अक्षरं आणि बोरं हाताने एकेक ठोकायचे, म्हणून दोन डाय कधीच सारखे नसतात, आणि १७९९ च्या फक्त दोनच डाय-जोड्या (पुढचा आणि मागचा डाय मिळून एक जोडी) माहीत आहेत. म्हणजे प्रश्न एवढाच, की माझं नाणं त्या दोनांपैकी आहे का. तारखेचा १ केसांपासून किती लांब, 'आर' आणि 'टी' एकमेकांपेक्षा वर-खाली किती, मागे कुठल्या अक्षराखाली कुठलं पान येतं, हे सगळं फोटोवर रेघा मारून ताडून बघितलं. दोन्हींशी जुळत नाही. १७९८ च्या एका जोडीशी सगळं जुळलं, मागच्या बोराच्या जागेसकट. तर १७९८.

वाईट वाटलं, पण बरंही वाटलं, कारण १७९८ चा ८ कोरून ९ केलेली बनावट नाणी खूप फिरतात आणि असा तपास येत असला तर कोणी फसवू शकत नाही. झिजलेल्या नाण्यात तारीख जाते पण अक्षरांच्या जागा राहतात.

२७ एप्रिल

हात आला म्हणून एकेक व्हेरायटी काढत होते. शेवटी १८०१ घेतलं, ते चिंचेचं. ते मागे ठेवत आले होते, बघवत नव्हतं.

मागच्या बाजूला पानांच्या माळेखाली अपूर्णांक असतो, १/१००, म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. तिथे बल्ब तिरपा केला तर खाली तीन गोल. १ चा आकडाच नाही, तीन शून्यं. १/०००. मग माळेच्या बुडाशी बघितलं, दोन देठ असायला हवेत, एकच आहे. मग 'युनायटेड' बघितलं, पहिला यू खाली जोडलेलाच नाही, दोन उभ्या काठ्या. हीच ती तीन चुकांची १८०१, शेल्डनच्या यादीतली एस-२१९, एकाच डायवर एकाच माणसाच्या हातून तीन चुका. अतिदुर्मिळ नाही, पण सगळ्यांना हवी असते, आणि माझ्या लॉटमधलं सगळ्यात मौल्यवान नाणं हेच होतं.

नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला, निदान आता वाचता तरी येतंय ना. तसं नाही. ती तीन शून्यं काळ्या थराखालीसुद्धा होती, तिरप्या उजेडात दिसलीच असती, मी उजेडच नीट धरला नव्हता तेव्हा. आधी ओळख पटवायची, मग ठरवायचं हात लावायचा की नाही, हा क्रम मी उलटा केला.

५ मे

फायर हाऊसच्या हॉलमधे छोटा कॉइन शो असतो, तिथे तांब्याची नाणी घेऊन बसणारे एक वयस्क गृहस्थ आहेत, त्यांच्या टेबलापाशी अकरा पाकिटं ठेवली आणि विकायची नाहीत, आधी शिकायचंय असं सांगितलं. तासभर दिला त्यांनी, मधे दोन गिऱ्हाइकं सोडून. एवढं कोण कोणासाठी करतं.

ते दोन आकडे लिहितात. पहिला आकडा फक्त झिजेचा, पृष्ठभागाकडे न बघता. मग खरबरीतपणा, पोचे, ओरखडे, रंग यांची वजाबाकी करून दुसरा, नेट. 'अर्ली अमेरिकन कॉपर्स' हा १९६७ पासूनचा क्लब याच पद्धतीने चालतो. माझं १८०२ झिजेने १२, कडेच्या दोन पोच्यांचे २ वजा, बारीक खड्ड्यांचे ३ वजा, नेट ७. मी पंधरा लिहिलेलं. १८०७ झिजेने १५, गालाचा खड्डा आणि एक जुना चरा, नेट ८. तो खड्डा कसा पडला हे मी सांगितलं, ते म्हणाले, गालावरचा खड्डा कडेवरच्या तीन खड्ड्यांएवढा.

चांगल्या १८०३ ला मात्र मी कमी दिलं होतं. मागची वरची अक्षरं जवळजवळ पुसलेली म्हणून मी जी-४ केलं होतं नंतर. त्यांनी नाणं डोळ्याच्या पातळीला आडवं धरायला लावलं. जिथे अक्षरं गेलीत तिथे तांबं उलट किंचित फुगलेलं. हाताळून झिजलं असतं तर ती जागा सपाट झाली असती, फुगली नसती. डाय तिथे खचला होता, म्हणून नाण्यावर फुगवटा आला आणि अक्षरं पाडतानाच अंधुक आली. पुढची बाजू झिजेने १२ आहे तर नाणंही तेवढंच, नेट १०. लॉटमधलं सगळ्यात सुंदर तेच निघालं, पिकलेल्या खजुराचा रंग.

१८१० काळं आणि मऊ दिसतं त्याचं काय, विचारलं. १८०८ ते १८१४ च्या क्लासिक हेड या पुढच्या चित्राच्या नाण्यांचं तांबं मऊ, लवकर झिजतं आणि लवकर काळवंडतं, डाव्या बाजूच्या तारका तर पुष्कळदा नवीन असतानाच अर्धवट. त्या नाण्याला ड्रेप्ड बस्टच्या डोळ्यांनी बघायचं नाही.

१८०१ शेवटी काढलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. झिजेने १०, नेट ४. मूळ कातडी असती तर तीनशेच्या आसपास गेलं असतं, आता शंभर-एकशेवीस, तेही घेणाऱ्याला रंग चालला तर.

१२ मे

किंमतीचं काम. प्राइस गाइडमधे एफ-१२ समोर जी किंमत असते ती निर्दोष नाण्याची, आणि झिजलेल्या तांब्यात निर्दोष नाणं फार थोडं असतं. त्यामुळे आता नेट आकड्यासमोरची किंमत बघते, आणि तीही झालेल्या लिलावांशी ताडून, विक्रेत्याने मागितलेल्या किमतीशी नाही. २,१४० चे उरले साधारण ७००.

पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या कंपन्यांकडे पाठवायचं का यावर दोन दिवस घालवले. पन्नास-साठ डॉलरच्या नाण्याला फी, टपाल, विमा धरून तेवढाच खर्च, आणि खरबरीत किंवा धुतलेल्या नाण्याला आकडा न देता नुसतं 'डिटेल्स' लिहून परत येतं. नाही पाठवलं. एखादं १७९३ किंवा १७९९ असतं तर अस्सल असल्याच्या खात्रीसाठी नक्की पाठवलं असतं.

२ जून

पाच विकली. खाल्लेलं १८०३ गेलं १८ ला, १८१८ गेलं २० ला, १८१० चे ४५, १८०२ चे ६२, १८०७ चे ६०. एकूण २०५. प्रत्येकाच्या पाकिटावर दोन्ही आकडे आणि दोष लिहून दिले, १८०७ वर गालाचा खड्डा नवीन आहे हेही.

सहा ठेवली, त्यांची अंदाजे किंमत ५२०. म्हणजे ७२५ आले, खर्च नाणी आणि सामान धरून ७८६, आणि साधारण ५५ तास. पुस्तक, काटा, भिंग पुढेही कामाला येतील. कोणी असा लॉट घ्यायला निघालं असेल तर बोली लावायच्या आधी नाण्यांवर आडवा उजेड टाकून बघू द्या एवढं तरी लिलाववाल्यांना विचाराच, बरेच जण हो म्हणतात, मी विचारलंच नव्हतं.

९ जून

ठेवलेल्या सहांना कॉटनच्या अस्तराची छोटी कागदी पाकिटं केली. १८०६ च्या हाफ सेंटची डाय-जोडी अजून लागलेली नाही, देठाजवळ खरबरीत आहे आणि नेमकं तिथेच बघायचंय, पावसाळी उजेडात जमेना, परत एका कोरड्या दिवशी.

१८०१ च्या पाकिटावर पेन्सिलने लिहिलं: १८०१, एस-२१९, तीन चुका, १०.४१ ग्रॅम, झीज १०, नेट ४, चिंच आणि मिठाने धुतलं, १६ मार्च २०२४.